बियाचं तवसं

दसरा झाला की आमच्या बिल्डिंगमधले सगळे उन्हाला शिव्या घालायला लागतात. ऑक्टोबर हीट, घाम, डोंबिवलीची धूळ, एक ना दोन. मी मात्र त्या दिवसांत हवेत असते. कारण बाजार! स्टेशनबाहेर आसपासच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन बसतात आणि त्या टोपल्यांत काय नसतं? मातीसकट ओल्या भुईमुगाच्या शेंगा, शिराळी, पडवळ, लाल भोपळ्याच्या केशरी फोडी, सीताफळं, काळपट करांद्यांचे कंद. सगळं एकदम दिसलं की माझं भान सुटतं. पिशवी एक नेते आणि आणते चार. नवरा दार उघडतो, पिशव्या बघतो आणि विचारतो, "कोणाचं लग्न आहे का?" मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, कारण मला आधी शेंगा उकडायला टाकायच्या असतात.

पण एक गोष्ट ह्या बाजारात मिळत नाही. बाजार पालथा घातला तरी नाही. ती म्हणजे तवसं.

तवसं म्हणजे काकडीच, पण वेलावर पिकू दिलेली. पावसाळी काकडी मांडवावर तशीच राहू दिली की ती फुगत फुगत हातभर होते, हिरवी साल आधी पिवळी आणि मग तपकिरी पडते, आणि सालीवर बारीक भेगांची जाळी उमटते. शहरातला माणूस म्हणेल, टाकून द्या, खराब झाली. आमच्या राजापूरकडे तिचं धोंडस करतात. तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, त्यात तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चवीपुरतं मीठ, आणि खाली हळदीचं पान. पातेल्याच्या खाली आग आणि झाकणावर निखारे. वरून खालून खरपूस झालं की वड्या पाडायच्या. माझा नवरा साताऱ्याकडचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने "काकडीचा केक" म्हणून नाक मुरडलं होतं आणि मग अर्धं पातेलं एकट्याने संपवलं होतं.

यंदा तवशासाठी मी जास्तच उतावीळ झालेले, कारण यंदा धोंडस करायला खुद्द आई घरात होती.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही डोंबिवलीत करून घेतलं. गणपती आटोपून मी तिला गावाहून घेऊनच आले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही, ती गावच्या घरात एकटी. गेल्या पावसात पडवीच्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि शेजारच्या काकांना हाक ऐकू जाईपर्यंत ती तिथेच चिखलात पडून राहिली. हे तिने मला सांगितलंसुद्धा नाही, काकांनी सांगितलं. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की मी आधी काकांचा नंबर आहे का ते बघते. आमची लेक शिकायला बाहेरगावी आहे, तिची खोली रिकामी आहे. आई आता इथेच राहावी, एवढं एकच मला हवं होतं. आणि ती एकच गोष्ट आईला मान्य नव्हती.

भांडत नव्हती ती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला जमतं. ती पाहुणीसारखी वागत होती. "ही वाटी घेऊ का गो?" "तुझा गॅस पेटवू का?" "फ्रिज उघडला तर चालेल ना?" पाण्याचा पेलासुद्धा विचारून. जावयाशी तर ती थेट बोलायचीच नाही. तो समोर पेपर वाचत बसलेला असायचा आणि ती मला म्हणायची, "त्यांना विचार, चहा घेतील का." तो पेपरामागून म्हणायचा, "हो आई, घेईन." तरी ती माझ्याच तोंडाकडे बघत राहायची. तिची कापडी बॅग पलंगाखाली भरलेली. मी कपडे काढून कपाटात लावले की दुसऱ्या दिवशी ते परत बॅगेत. "लेकीच्या घरी माणूस दिवस काढतं, राहत नाय," असं एकदा म्हणाली आणि डोळ्यांत थेंब घालून घ्यायला मान मागे करून बसली. दिवाळी झाली की तिला गावी जायचं होतं.

तर त्या उतावीळपणात मी शेजारच्या काकांना फोन केला. आमचं घर आणि परसातला मांडव तेच बघतात. म्हटलं, काका, आई इथे आहे, दिवाळीला तवसं पाहिजेच. ते म्हणाले, "पाठवतो गो, गोणी गाडीवर घालतो." आमच्याकडे अजून असंच चालतं. गावातून निघणाऱ्या एसटीवर गोणी चढवायची, कंडक्टरला सांगायचं, आणि इकडच्या माणसाने ठाण्यात खोपटच्या डेपोत जाऊन उतरवून घ्यायची.

दिवाळीआधीच्या त्या दिवसांत सकाळी खोपटला जाऊन बघा एकदा. कोकणातली गाडी फलाटाला लागली की प्रवासी उतरायच्या आधी आम्ही गोणीवाले मागच्या बाजूला जमलेलो असतो. माना उंचावून प्रत्येक जण आपली गोणी ओळखायचा प्रयत्न करत असतो. कोणाची लाल सुतळीने शिवलेली, कोणाची आजोबांच्या जुन्या धोतराने बांधलेली. नवरा स्कूटर घेऊन बाहेर थांबलेला आणि मी आत घुसलेली. कंडक्टरने आमची गोणी खाली ओढली आणि म्हणाला, "ताई, ह्यात दगड भरलेत काय?" मी म्हटलं, "भोपळा असेल." शेजारच्या बाईने लगेच विचारलं, "करांदे आलेत का हो तुमच्यात? आमच्याकडे यंदा नाय पाठवले." मी तिथेच गोणीचं तोंड उसवलं. तिला ओंजळभर करांदे दिले, तिने मला तिच्या गोणीतून हळदीची पानं दिली. ओळख ना पाळख, पण दोघी अशा खुशीत की शाळेतल्या मैत्रिणी वाटलो असू.

तिथून डोंबिवलीपर्यंत स्कूटरवर आलो. गोणी नवऱ्याच्या पायांत, भोपळा माझ्या मांडीवर, आणि गवतात गुंडाळलेलं ते लांबोडकं तवसं मी बाळासारखं छातीशी धरलेलं. शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तर बाजूच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काय आहे हो ते?" नवरा म्हणाला, "सासुरवाडी." गाड्या पुढे सरकेपर्यंत तो रिक्षावाला हसत होता. मी गवतात नाक घालून वास घेत होते. ओलसर, गोडसर, पिकल्या काकडीचा तो वास! मला तर रस्ताभर धोंडसच दिसत होतं.

घरी येऊन हॉलमध्ये जमिनीवर चादर पसरली आणि गोणी रिकामी केली. नवे पोहे निघाले. यंदाच्या भाताचे, जरा लालसर, हातात घेतले तर कोवळे. करांदे निघाले, नरक चतुर्दशीला फोडायची कारिटं निघाली, कोकमाची सुकी सोलं निघाली. आई भिंतीला टेकून बसलेली, प्रत्येक गोष्ट हातात घेऊन चाचपत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. मग मी वाजतगाजत तवसं तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने गवत काढलं. सालीवरून हात फिरवला. हात देठापाशी गेला आणि थांबला. देठाला एक चिंधी बांधलेली होती, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची.

"हे बियाचं आहे," ती म्हणाली.

मी गडबडले. मग कळलं. गणपतीनंतर गावाहून निघायच्या आधी आईने मांडवावरचं सगळ्यात चांगलं फळ निवडून त्याच्या देठाला चिंधी बांधली होती. ते खायचं नाही. ते पुरतं पिकवायचं, आढ्याला टांगायचं, मग त्याचं बी काढून राखेत घोळवायचं आणि चुलीजवळच्या भिंतीला थापून ठेवायचं. राखेमुळे कीड लागत नाही. जूनमध्ये मिरग लागला की भिंतीवरून खरवडून मातीत. दर वर्षी असंच. हे बी आईला तिच्या आईने लग्नात पदराला बांधून दिलेलं होतं. आमच्या वाडीत आता सगळ्यांकडे जे तवसं आहे ते आईकडूनच गेलेलं.

लगेच काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"वयनी, काय सांगू," काका म्हणाले, "माकडांनी मांडव साफ केला. पानसुद्धा ठेवलं नाय. बाकीच्यांचंपण तेच झालं. हे एक तेवढं घरात टांगलेलं म्हणून वाचलं. पण दिवाळीला तुम्हाला रिकामी गोणी कशी पाठवू? मला नाय बरं वाटलं."

फोन ठेवल्यावर आईने तवसं परत गवतात गुंडाळलं आणि म्हणाली, "कापायचं नाय. मी नेणार परत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रवा आणलेला, गूळ आणलेला, नारळ फोडलेला. नवरा हळूच म्हणाला, "दुसरी काकडी आणू का बाजारातून?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत निघून गेला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात तवशाचं राज्य होतं. जमिनीला टेकलं तर सडतं, म्हणून आईने मला विचारून, दोनदा विचारून, जुन्या साडीची झोळी केली आणि बाल्कनीच्या ग्रिलला ते टांगलं. बिल्डिंगमधल्या बायका बघून जायच्या. समोरच्या ब्लॉकमधली काकू म्हणाली, "अय्या, पाळणा बांधलात, गुड न्यूज आहे का?" बाकी स्वयंपाक जोरात चालू होता आणि तो फार मजेचा होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. भोपळा किसून गुळात शिजवून आईने घारगे केले, असे फुगलेले की कढईत मावेनात. करांदे मीठ घालून उकडले आणि टीव्हीसमोर बसून सोलून खाल्ले. त्यांची ती कडवट चव नवऱ्याला आवडली नाही, मग आवडली, मग तो अख्खा वाडगाच मांडीवर घेऊन बसला. शिराळ्याच्या सालींची चटणी झाली, डाळ घालून पडवळाची भाजी झाली. आईच्या हाताला कसलीही घाई नाही. मी मध्ये मध्ये लुडबुडत होते, चाखत होते, बोटं भाजून घेत होते. आणि बाल्कनीत ते तवसं लोंबत होतं. येता-जाता मला वाटायचं, ते तिथे आहे तोवर आईपण आहे, आणि ते निघालं की ती निघाली.

एका दुपारी माझा तोल गेलाच.

"इथे कापलं तर काय होईल? बी इथे ठेवू. हे काय घर नाही का? ह्या काय भिंती नाहीत?"

"बी आपल्या घरच्या भिंतीला लावतात गो," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "लेकीच्या नाय."

"आजीने तुला दिलं ना? लेकीलाच दिलं ना? मग मला का नाही दिलंस?"

"तुला माती कुठे होती?" मग पुढची जुडी ओढून घेत म्हणाली, "आणि आजीने बी दिलं, मी घेऊन गेले. आजी नाय आली माझ्याकडे राहायला."

मला रडू आलं आणि रागही आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. बाहेर हॉलमध्ये नव्या रंगाचा वास अजून होता. दिवाळीसाठी नवऱ्याने सगळं घर रंगवून घेतलं होतं, स्वयंपाकघरसुद्धा. कुठला रंग, कुठली छटा, ह्यावर त्याने महिनाभर दुकानं पालथी घातली होती. तेलाचा हात लागला तरी पुसून निघतो असा गुळगुळीत, महाग रंग. कामवाल्या बाईलासुद्धा तो भिंतीला टेकू द्यायचा नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे अंघोळी झाल्या. आईने दाराशी उंबऱ्यावर कारीट ठेवलं, आम्ही सगळ्यांनी अंगठ्याने फोडलं आणि तो कडूजार रस जिभेला लावून तोंडं वेडीवाकडी केली. मग पोहे. आमच्याकडे दिवाळीचा पहिला मान लाडू-चिवड्याचा नाही, नव्या पोह्यांचा. आईने ते तऱ्हेतऱ्हेचे केले होते. दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, फोडणीचे, आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. नवरा केळीच्या पानावर ओळीने मांडलेले पोहे बघून म्हणाला, "मी आता संध्याकाळपर्यंत उठत नाही."

खाऊन झाल्यावर आई बाल्कनीत गेली. बराच वेळ आलीच नाही म्हणून मी गेले, तर ती झोळीत हात घालून उभी होती. तिने माझा हात धरून तवशाच्या बुडाशी नेला. साल तिथे मऊ पडली होती, बोट दाबलं तर आत जात होतं.

"गावापर्यंत टिकायचं नाय," ती म्हणाली. "आजच कापलं पाहिजे. बी कागदावर सुकवू. पुडीत घालून नेईन."

बी पुडीतून जाणार, म्हणजे आई जाणारच होती. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी तोंडाला पाणीही सुटलं. मी ओरडले, "अहो, उठा! आज धोंडस!"

आणि मग घर आम्ही अक्षरशः डोक्यावर घेतलं. आई विळीवर बसली. तवसं उभं चिरल्यावर जो वास सुटला तो शेजारपाजारपर्यंत गेला असणार. आत पिवळसर गर आणि मधोमध बियांची गच्च रांग. आईने बिया गरासकट अलगद काढून चाळणीत ठेवल्या, जणू त्यांना लागेल. गर मी किसला. रवा तुपावर भाजला. कीस आणि गूळ पडल्यावर ते फदफदायला लागलं आणि माझी उलथनं घेऊन कसरत सुरू झाली. आता प्रश्न निखाऱ्यांचा. गॅसवर धोंडस होतं, पण वरून निखारे नसले तर ते धोंडस नाही, तो शिरा. एरवी मी तसंच खपवते. आज आई बसलेली होती.

"इस्त्रीवाला!" नवरा एकदम म्हणाला.

आमच्या बिल्डिंगखाली हातगाडीवर एक इस्त्रीवाला बसतो, अजून लाकडी कोळशाची जड इस्त्री वापरतो. दिवाळीची सकाळ, सगळ्या कॉलनीचे कुर्ते त्याच्याकडे. तरी त्याने आमच्या लोखंडी कढईत निखारे भरून दिले, वर विचारलं, "भाभी क्या बना रही है?" लिफ्टमधून धुराची कढई घेऊन नवरा वर आला तर दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी आत शिरले आणि त्याच पावली बाहेर पडले. "आग लागलीय का हो?" नवरा म्हणाला, "नाही, केक आहे." ते जिन्याने आले आमच्यापर्यंत, खात्री करायला, आणि वास घेऊन म्हणाले, मी नंतर येतो.

पातेल्याखाली तवा, वर पितळी झाकण, झाकणावर निखारे. खिडक्या सताड उघड्या. आईने स्टूल ओढून घेतलं आणि पातेल्यासमोर बसली. "झाकण उघडायचं नाय," तिने मला दटावलं, कारण मी दर दोन मिनिटांनी हात पुढे करत होते. हळूहळू हळदीच्या पानाचा, गुळाचा, करपू-करपू लागलेल्या खोबऱ्याचा वास घरभर झाला. निखारे लाल होते ते राखाडी झाले, मग पांढरे. पातेलं उतरवून ठेवलं. वड्या पाडायच्या तर निवू द्यायलाच हवं होतं.

आई झाकणावरच्या राखेकडे बघत होती.

"राख चांगली आहे," ती म्हणाली. "लाकडी कोळशाची." बोटांनी चिमूटभर उचलली, चोळली. धुऊन ठेवलेल्या बिया तिने ताटलीत घेतल्या, वर राख घातली आणि सवयीनेच घोळवायला लागली. सवयीनेच उठली. ओल्या राखेचा गोळा हातात घेऊन ओट्याजवळच्या भिंतीकडे वळली आणि तिथे अडखळली.

"लावून बघू का गो इथे?" तिने विचारलं. "नुसतं सुकेपर्यंत."

"लाव!" मी म्हटलं. माझा आवाज किती मोठा निघाला ते मलाच कळलं नाही.

तिने गोळा भिंतीला थापला. हात काढला. गोळा तिथे क्षणभर राहिला आणि सर्रकन खाली घसरला, मागे राखाडी ओघळ सोडत. परत लावला, परत घसरला. त्या महागाच्या गुळगुळीत रंगाला काही धरेचना. आई हसली, पण ते हसू मला बघवलं नाही.

"बघ," ती म्हणाली, "तुझी भिंत घेत नाय. कागद दे."

मला काय झालं सांगता येत नाही. माझा स्वभावच असा, आधी हात चालतो आणि मग डोकं. ओट्यावरचं लोखंडी उलथनं उचललं आणि भिंत खरवडायला सुरुवात केली. रंगाच्या पापुद्र्यांचा सडा पडला. खाली पांढरी पुट्टी निघाली, तीही खरवडली. "अगो, काय करतेस! अगो, रंग!" आई ओरडत होती. मी थांबलेच नाही. खालचं सिमेंट लागलं, खरबरीत, करडं. हातभर लांब आणि हातभर रुंद जागा मोकळी झाली तेव्हा मी घामाघूम होते. मागे वळले तर दारात नवरा उभा.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग माझ्या हातातल्या उलथन्याकडे. मला वाटलं आता दिवाळी साजरी होणार. त्याने नळाखाली हात धरला आणि ओंजळभर पाणी त्या उघड्या सिमेंटवर मारलं.

"कोरड्याला चिकटणार नाही," म्हणाला. "आमच्याकडे गोवऱ्या थापतात तेव्हा आधी पाणी मारतात."

आईने राखेचा गोळा हातात घेतला. ह्या वेळी विचारलं नाही. तळव्याने थापला आणि दाबून धरला. हात काढला तर गोळा जागच्या जागी होता, त्यात तिची चार बोटं उमटलेली आणि मधून बियांची टोकं डोकावत होती. तिने दुसरा लावला. तिसरा. सगळं बी संपेपर्यंत लावत राहिली, आणि मी आणि नवरा ओट्याला टेकून नुसते बघत राहिलो.

तोवर धोंडस निवलं होतं. मी वड्या पाडल्या. वरचा पापुद्रा सुरीखाली कुरकुरला, आत मऊ, ओलसर, आणि प्रत्येक घासाला तो काकडीचा गार वास. मी डोळे मिटूनच खाल्लं. आईने एक घास घेतला, चावला आणि म्हणाली, "मीठ जरा कमी घातलंस." मला इतका आनंद झाला! आल्यापासून तिने माझ्या स्वयंपाकात पहिल्यांदा खोट काढली होती.

नवऱ्याने आपली वडी संपवली, मग त्याची नजर भिंतीवरच्या ओघळांवर गेली, जिथे पहिले गोळे घसरले होते. सवयीचा माणूस. ओलं फडकं घेऊन तो पुसायला वाकला, आणि पुसता पुसता फडकं त्या राखेच्या गोळ्यांच्या जवळ जायला लागलं.

"ओ, तिथे नको!" आई म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. थेट त्याला. "मिरगापर्यंत ह्या भिंतीला कोणी हात लावायचा नाय. रंग नाय, फडकं नाय. सांगून ठेवते."

नवरा फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला. "बरं, आई," म्हणाला.

मिरग म्हणजे जून. मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि मोजता मोजता डोळे भरून आले, म्हणून पातेलं घासायला घेतलं. आईने फळीवरचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला, आतला माझा जुना चिवडा एका वाडग्यात ओतला आणि उरलेल्या वड्या त्यात नीट लावून ठेवल्या. मला काही विचारलं नाही.